डबा जिथल्या तिथे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी 'डबा ऐसपैस' खेळला नाही असा माणूस श्रोत्यांत क्वचितच असेल. अंगणात एक रिंगण आखायचं, त्यात पत्र्याचा रिकामा डबा ठेवायचा, एकानं तो लांब भिरकावून द्यायचा आणि ज्याच्यावर राज्य असेल त्यानं धावत जाऊन तो परत रिंगणात आणून ठेवायचा. तोवर बाकीची मंडळी पसार. सगळी गंमत लपण्यात आणि शोधण्यात. डबा जागेवर आणून ठेवणं ही राज्य आलेल्याची शिक्षा. आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे त्यातही डबा आहे, लपवणं आहे, शोधणं आहे. फरक एवढाच, की इथे डबा ज्याला सापडतो त्याच्यावरच राज्य येतं. आणि ते राज्य म्हणजे डबा होता तिथे आणि होता तसा परत ठेवणं.

या खेळाचं नाव जिओकॅशिंग. यातल्या 'कॅश'चा रोख रकमेशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण 'मी अमेरिकेत कॅश शोधायला जात असे' असं म्हटल्यावर आमच्या शेजारच्या काकांनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं होतं. हा शब्द मूळ फ्रेंच. दडवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ. कुणीतरी एक डबा रानात, बागेत, एखाद्या बाकाखाली लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि बाकीचे लोक हातात मोबाइल किंवा जीपीएसचं यंत्र धरून तो शोधत जातात. डब्यात एक वही असते. सापडला की वहीत आपलं नाव आणि तारीख लिहायची. डबा मोठा असेल तर त्यात कीचेन, गोट्या, परदेशी नाणं, प्लॅस्टिकचा डायनॉसॉर असला काहीबाही ऐवजही असतो. त्यातलं एखादं घेतलं, तर निदान तेवढ्याच मोलाचं आपल्याजवळचं काहीतरी ठेवायचं. खजिना म्हणावं असं काही नसतं. तरीही जगभरात आज असे तीस लाखांहून अधिक डबे लपलेले आहेत.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगते. जीपीएस ही अमेरिकी लष्करानं उभारलेली उपग्रहांची यंत्रणा. सर्वसामान्यांना मिळणाऱ्या तिच्या संदेशांत पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे यंत्रानं दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे होई. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करण्याची घोषणा केली, आणि त्याच रात्री ती बंद झाली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात पोर्टलंड शहराजवळच्या बीव्हरक्रीक भागात डेव्ह उल्मर यांनी एक काळी प्लॅस्टिकची बादली बरीचशी जमिनीत पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं, व्हिडिओ, नकाशांचं सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि खाण्याचा जिन्नस म्हणून बीन्सचा एक हवाबंद डबा होता. शोधणाऱ्यांसाठी सूचना एवढीच, की काही घ्या, काही ठेवा, वहीत सगळं नोंदवा आणि मजा करा. माइक टीग यांना ती पहिल्यांदा सापडली. जिओकॅशिंग हे नाव त्याच महिन्यात सुचलं. सप्टेंबरमध्ये सिअ‍ॅटलच्या जेरेमी आयरिश यांनी अशा डब्यांची नोंद ठेवणारं संकेतस्थळ सुरू केलं.

आता गंमत पाहा. त्या पहिल्या सूचनेत 'जिथे होती तिथेच परत ठेवा' असं कुठेच नव्हतं. ते गृहीतच धरलेलं होतं. आज मात्र या खेळाच्या रीतीभातींवर जेवढं बोललं जातं, त्यातलं निम्मं या एका गोष्टीबद्दल असतं. आणखी एक गंमत म्हणजे पहिल्या बादलीतल्या दोन गोष्टी आज नियमात बसत नाहीत. जमीन खणून डबा पुरता येत नाही, कारण त्यानं मुळं तुटतात आणि जमिनीचा मालक वैतागतो. आणि खाण्याचं काही ठेवता येत नाही, कारण त्याचा वास माणसांच्या आधी अस्वलाला आणि खारींना लागतो. तो बीन्सचा डबा मात्र पुढे सापडला, आणि या खेळातल्या लोकांच्या मेळाव्यांत तो मानानं फिरला. मूळ जागी आता एक स्मारकफलक आहे. लेक आणि जावई मला तिथे घेऊन गेले होते. साधा रस्त्याकडेचा भाग आहे, बाजूला उंच झाडं. मुद्दाम लांबून जाऊन पाहावं असं काही नाही, पण पाहिलं.

खरं तर याहूनही जुना एक खेळ इंग्लंडमध्ये आहे. डार्टमूर नावाच्या उजाड माळरानावर क्रॅनमिअर पूल या आडजागी जेम्स पेरॉट या वाटाड्यानं १८५४ साली एक बाटली ठेवली. तिथवर चिखल तुडवत पोचणाऱ्यानं आपलं नावाचं कार्ड त्या बाटलीत टाकायचं. पुढे बाटलीच्या जागी पेटी आली, वही आली, रबरी शिक्के आले. मला त्यातली सगळ्यात आवडलेली रीत अशी, की येणारे लोक पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड पेटीत ठेवून जात आणि नंतर येणारा ते घेऊन जाऊन टपालात टाकी. म्हणजे तुमचं पत्र पोचणार की नाही, हे कधीही न भेटलेल्या माणसावर अवलंबून. डार्टमूरवर लेटरबॉक्सिंग नावानं हा खेळ अजून चालतो.

मी या सगळ्यात कशी पडले? आमची लेक सिअ‍ॅटलजवळ राहते, आणि निवृत्त झाल्यापासून वर्षाआड मी काही महिने तिच्याकडे असते. तिकडे गेलेल्या आईवडिलांचा दिवस कसा जातो हे अनेक श्रोत्यांना ठाऊक असेल. नातू शाळेतून येईपर्यंत घर खायला उठतं. तेव्हा शनिवार-रविवारी हे तिघं डबे शोधायला निघाले की मीही जाऊ लागले. पहिल्या दिवसापासून मला शोधण्यापेक्षा परत ठेवण्यातच जास्त रस वाटला. त्याला कारण माझी नोकरी. एकतीस वर्षं मी आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते.

कुठल्याही वाचनालयात एक पाटी असते. वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच ठेवावं, कपाटात परत ठेवू नये. नव्या वाचकांना ती उद्धट वाटते. आम्ही इतके अडाणी आहोत का, की पुस्तक जागेवर ठेवता येणार नाही? पण अनुभव सांगतो की नाही येत. ८९१.४६ हा मराठी साहित्याचा वर्गांक. तिथली कादंबरी कुणी सद्भावनेनं ६४१.५ वर, म्हणजे पाकशास्त्रात, नेऊन खोचली की ती संपली. चोरीला गेलेलं पुस्तक एकदा पडताळणीत उघड होतं, नोंदवहीत तसा शेरा मारता येतो, नवं मागवता येतं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक तालिकेत 'आहे' म्हणून उभं राहतं आणि मागणाऱ्याला रोज तोंडघशी पाडतं. म्हणून आम्ही वाचकाला सांगतो, बाबा, तू फक्त वाच, जागेवर ठेवायला आमचा शिपाई आहे.

रानातल्या डब्याला शिपाई नाही. तिथे ज्यानं वाचलं त्यानंच कपाटात ठेवायचं, आणि कोणी बघत नसताना ठेवायचं. खेळ टिकतो की नाही ते तिथे ठरतं.

आता तुम्ही म्हणाल, दोन हात इकडे ठेवला काय आणि तिकडे ठेवला काय, आजूबाजूला शोधतील की. तर तसं नाही, आणि का नाही ते जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. फोन दाखवतो ती जागा नेमकी नसते. मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटरांची चूक धरायची, दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त. लपवणाऱ्यानं जागा नोंदवली तेव्हा त्याच्या यंत्राची चूक त्यात आली. शोधणाऱ्याच्या यंत्राची चूक त्यात मिळाली. या दोन चुका पोटात घालूनही डबा सापडतो, कारण लपवणाऱ्यानं एक सूचना दिलेली असते. तीही उघड नसते, इंग्रजी अक्षरं तेरा घरं पुढे सरकवून लिहिलेली असते, ज्याला अगदीच अडेल त्यानं उलगडावी म्हणून. सूचना 'पडलेल्या ओंडक्याच्या उत्तर टोकाला' अशी असते, आणि तुम्ही डबा पाच पावलांवरच्या दुसऱ्या ओंडक्याखाली सारलात. पुढचा शोधणारा सूचनेप्रमाणे येतो, नसतो. शेवटी नशिबानं त्याला सापडतो, आणि परत ठेवताना तो त्याच्या आठवणीनं आणखी तीन पावलं सरकवतो. अशानं डबा चालायला लागतो. त्यात कुणाची बेइमानी नसते. प्रत्येकानं थोडंसंच सरकवलेलं असतं.

म्हणून जुनी खेळाडू मंडळी एक साधी युक्ती करतात. डबा सापडला की तो उचलण्याआधी एकदा ती जागा नीट बघून घ्यायची. कोणती बाजू वर होती, झाकण कुठे होतं, वर फांदी होती की पालापाचोळा. हवं तर फोनवर फोटो काढायचा. मग डबा घेऊन लिहायला सावलीत जायचं असेल, तर त्या जागी आपली काठी किंवा टोपी ठेवून जायची. ऐकायला हे बावळटपणाचं वाटतं. पण दहा मिनिटांनी परत आल्यावर एकासारखी एक नेच्याची झुडपं समोर दिसतात आणि यातल्या नेमक्या कुठल्या ढोलीत हात घातला होता ते आठवत नाही. मी काठी ठेवते.

सरकवण्यापेक्षाही अवघड मोह असतो सुधारण्याचा. आमच्या नातवाला एकदा बागेतल्या एका बाकामागे डबा अगदी पटकन सापडला. तो म्हणाला, "आजी, हा किती सोप्पा आहे! आपण अजून भारी लपवू या ना." मला त्यात वावगं वाटेना, पण लेकीनं मान हलवली. "होता तसा ठेव," एवढंच म्हणाली. कारण नंतर घरी सांगितलं. प्रत्येक डब्याला दोन आकडे दिलेले असतात, एक ते पाचपर्यंत. शोधायला किती अवघड आणि तिथवर पोचायला किती अवघड. तो डबा दोन्ही बाबतींत एकचा होता. म्हणजे तो मुद्दाम लहान मुलांसाठी, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी, पहिल्यांदाच खेळणाऱ्यांसाठी ठेवलेला होता. आमच्या नातवानं तो भारी लपवला असता, तर आकडा तोच राहिला असता आणि पुढच्या शनिवारी एखादं चार वर्षांचं पोर रडवेलं होऊन घरी गेलं असतं. कोर्टाच्या बातम्यांत आपण 'जैसे थे' वाचतो ना, तेच. कमी नाही आणि जास्तही नाही. काळजीवाहू लोकांना हे फार जड जातं. वरून चार फांद्या जास्त टाकल्याशिवाय त्यांचं मन भरत नाही.

त्या फांद्यांमुळेच तर डबा उघडा पडतो. झाडावरून गळालेल्या काटक्या कशाही पडतात. माणसानं रचलेल्या काटक्या एका रांगेत, शिस्तीत असतात. सवय झालेल्या डोळ्याला जंगलात असा ढीग पन्नास पावलांवरून दिसतो, आणि ज्याला खेळ माहीत नाही अशा टवाळ पोरालाही तो दिसतो.

दगडांचं तर आणखी नाजूक. कोकणात शेताच्या कडेनं चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड एकावर एक बसवून रचलेली भिंत असते, तिला आपण गडगा म्हणतो. इंग्लंडमध्ये मैलच्या मैल असे गडगे आहेत, काही फार जुने. अशा भिंतीत डबा लपवायला तिकडे मनाई आहे, आणि त्याचं कारण शोधणारे आणि परत ठेवणारे. एकजण एक दगड काढतो, परत बसवतो, त्याच्या मते नीटच. पण गडगा रचणं हे कसब आहे. दगडाला तोंड असतं, बूड असतं. दहा जणांनी दहा वेळा बसवलेला दगड अकराव्याला हातात येतो आणि वरचे चार ढासळतात. तुम्ही-आम्ही गडकिल्ल्यांवर जातो तेव्हा तटबंदीचा सुटा दगड उचलून पाहण्याची खोड अनेकांना असते. उद्या हा खेळ आपल्याकडे वाढला तर तटाच्या फटीत डबे नकोत, हे माझं स्पष्ट मत. शिवाय आपल्याकडे दगडाखाली डब्याच्या आधी विंचू सापडायचा.

आता झाकण. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. उन्हाळ्यात लोणचं घातल्यावर माझी आई बरणीचा काठ कोरड्या फडक्यानं दोनदा पुसत असे, मग झाकण, मग वर दादरा. काठावर खाराचा एक थेंब राहिला तरी वर्षाचं लोणचं जातं म्हणायची. सिअ‍ॅटलचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, महिनोन् महिने झिरपतो. तिथे डब्याची खरी परीक्षा झाकणापाशी असते. चार बाजूंनी कड्या असलेले प्लॅस्टिकचे डबे आपल्या स्वयंपाकघरातही आता सर्रास असतात. त्यांच्या झाकणात रबराची एक बारीक कड असते. तिच्यावर वाळूचा एक कण किंवा पाइन झाडाची एक सुई राहिली की पाणी आत शिरायला तेवढी वाट पुरते. त्याहून घातक म्हणजे आतली प्लॅस्टिकची पिशवी. वही भिजू नये म्हणून ती पिशवीत घातलेली असते, आणि घाईघाईत झाकण लावताना पिशवीचं टोक कडेत अडकतं. बाहेरून कड्या लागलेल्या दिसतात. पण त्या टोकाच्या चुणीतून पाणी हळूहळू आत जातं. म्हणजे वही वाचवायला घातलेली पिशवीच वही बुडवते. पिशवीतली हवा काढायची, घडी करायची, ती पूर्ण आत गेली आहे ना ते बोट फिरवून पाहायचं, कड पुसायची आणि चारही कड्या 'टक्' वाजेपर्यंत दाबायच्या. तीनच वाजल्या तर पुन्हा उघडायचं.

काही डबे तर डबे म्हणावेत असेही नसतात. पूर्वीच्या फोटोच्या रोलची काळी डबी चालते. त्याहून लहान म्हणजे बोटाच्या पेराएवढी, चुंबकानं कठड्याला चिकटवलेली डबी. तिच्यात वही कसली, कागदाची एक अरुंद पट्टी गुंडाळून ठेवलेली. ही पट्टी परत गुंडाळणं भल्या-भल्यांना जमत नाही. सैल गुंडाळली की आत जात नाही, कोंबली की फाटते. तिथे माझा भाव एकदम वधारला. आयुष्यभर देवासाठी वाती वळल्यात. बोटांना थोडासा ओलावा... नाही, ओलावा नको, कागद आहे. पण चिमटीतला तो हलका दाब तोच. जावई आता अशी डबी निघाली की सरळ माझ्या हातात देतात.

परत ठेवण्याची वेळही पाहावी लागते. जे हा खेळ खेळत नाहीत त्यांना या मंडळींत 'मगल' म्हणतात. हॅरी पॉटरच्या गोष्टींत जादू न येणाऱ्या माणसांना जे नाव आहे, तेच. कुणी मगल बघत असताना डबा ठेवला, तर संध्याकाळपर्यंत तो नाहीसा होण्याचा संभव मोठा. म्हणून बुटाची नाडी बांधायची, फोनवर बोलल्याचं सोंग करायचं, लोक पुढे गेले की ठेवायचा. पातळावर स्पोर्ट्स शूज घातलेल्या माझ्यासारख्या बाईनं झुडपाशेजारी उभं राहून कसलंही सोंग केलं तरी ते लपत नाही, हा भाग वेगळा. मी सरळ बाकावर बसते आणि लोक कंटाळायची वाट बघते.

पण चोरटेपणाही बेतानं हवा. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी या गावात एका कॅफेबाहेर असाच एक डबा होता. तिथे कुणीतरी वाकून काहीतरी करताना दिसलं, पोलिसांना कळवलं गेलं, लष्कराचं बॉम्बनाशक पथक आलं आणि तो निरुपद्रवी डबा स्फोट घडवून उडवण्यात आला. मुंबईकराला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. १९९३ आणि २००६ पाहिलेल्या शहरात बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना आपण स्टेशनवर रोज ऐकतो, आणि ती योग्यच आहे. म्हणून रेल्वे, शाळा, लष्करी जागा यांच्या आसपास डबा ठेवायचा नाही, डब्यावर हा काय आहे ते स्पष्ट लिहायचं आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, हे नियम आहेत. परत ठेवणाऱ्याचं काम एवढंच, की ती अक्षरं पुसट झाली असतील तर लपवणाऱ्याला कळवायचं.

यावरून आठवलं. काही प्रसंग असे येतात की 'जैसे थे' पुरत नाही. डबा उघड्यावर, झाकण एकीकडे आणि वही एकीकडे पडलेली सापडली तर काय करायचं? होता तसा म्हणजे विस्कटलेला ठेवायचा? तसं कुणी म्हणत नाही. अक्षांश-रेखांश आणि सूचना यांवरून मूळ जागेचा जमेल तितका अंदाज घ्यायचा, तिथे ठेवायचा आणि मालकाला त्याच दिवशी कळवायचं, की मी अंदाजानं ठेवला आहे, एकदा पाहून घ्या. वही भिजली असेल तर पाणी निथळून एखादा कोरडा कागद घालायला हरकत नाही. वही भरली असेल तरी तेच. पण जुनी वही खिशात घालून न्यायची नाही. ती मालकाची.

आणि एक गोष्ट मात्र सगळेच वाईट म्हणतात. तासभर शोधून डबा मिळाला नाही, तर काही उत्साही लोक समजतात की तो नाहीसाच झाला असणार, आणि मग आपल्याजवळची एखादी डबी तिथे टाकून 'सापडला' म्हणून नोंद करतात. वर मालकावर उपकार केल्याचा आव. खरा डबा बहुतेक वेळा तिथेच असतो, दीड हातावर. मग एका जागी दोन डबे होतात. लोक खोट्या डबीत सही करून जातात, आणि खऱ्या वहीला वर्षभर कुणी हात लावत नाही. 'सापडला नाही' असं लिहायला मोकळी जागा ठेवलेली असते. ते लिहिण्यात कसला कमीपणा? उलट दोन-चार जणांनी तसं लिहिलं की मालकाला कळतं आणि तो येऊन बघतो.

हे सगळं कशासाठी, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं. सहीची वही आणि प्लॅस्टिकचा डायनॉसॉर, एवढ्यासाठी? तिला मी एक हकीकत सांगितली, तीच सांगते. लेकीच्या घरापासून थोड्या अंतरावर एक जंगलाचा पट्टा आहे. तिथे एका उन्मळून पडलेल्या देवदाराच्या मुळाशी लष्करी काडतुसांचा जुना लोखंडी डबा आहे. हे डबे फार टिकतात. मूळ लपवणारा दुसऱ्या राज्यात राहायला गेला तेव्हा त्यानं तो एका निवृत्त शिक्षिकेला दत्तक दिला. खेळात तशी सोय आहे. २०२२ मध्ये मी आणि नातू तिथे गेलो. वही जाडजूड होती, सुरुवातीच्या पानांना जरा पिवळेपणा आलेला. मी सवयीनं मागची पानं चाळायला लागले, आणि ऑक्टोबर २००९ च्या पानावर मला देवनागरी अक्षरं दिसली. अक्षर ओळखीचं. लेक लग्न होऊन नुकतीच तिकडे गेली होती, तेव्हाचं. गाडी येत नव्हती, ओळखी नव्हत्या. फोनवर आम्हाला 'छान आहे इथे' सांगायची. वहीत लिहिलं होतं, की सकाळपासून पाऊस आहे, दोन तास कुणी भेटलं नाही, डबा सापडला, मग झाडाखाली बसून डबा खाल्ला.

नातवाला देवनागरी अडखळत वाचता येते. त्यानं ते वाचलं आणि विचारलं, आईनं हा डबा कसा काय खाल्ला? त्याला समजावता समजावता मला दुसरंच सुचत होतं. त्या पानापासून आमच्या पानापर्यंत साडेतीनशेच्या आसपास नोंदी होत्या. तेरा वर्षांत तितक्या अनोळखी माणसांनी तो डबा उघडला होता, कड पुसली होती, झाकणाची कडी दाबून बसवली होती आणि त्या मुळाशी परत सारला होता. त्यातल्या एकाच्याही डोक्यात आमची लेक नव्हती. तिची ती अक्षरं त्यांना वाचताही आली नसणार. नातवानं खाली स्वतःचं नाव मराठीत लिहिलं. 'र'ला काना द्यायचा राहिला, तो मी दिला नाही. झाकण त्यानंच लावलं, मी फक्त कडीचा आवाज ऐकला.

आपल्याकडे हा खेळ अजून फारसा रुजलेला नाही. मोठ्या शहरांत थोडे डबे आहेत, बरेचसे प्रवासी मंडळींसाठी. तरी यंदा परत आल्यावर मी आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेले. वाचनालयाच्या मागे बाग आहे, स्टेशनपासून लांब, कुंपण आहे, जुनं बकुळीचं झाड आहे. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर लागतं, इथे तर जवळपास दुसरा डबाच नाही. डबा ठेवणाऱ्यानं त्याची देखभाल करता येईल इतक्या जवळ राहावं, असा दंडक आहे. मी दोन गल्ल्या सोडून राहते. अध्यक्षांनी लेखी परवानगी दिली आणि पोलीस चौकीतही एक प्रत देऊन ठेवायला सांगितलं, तीही दिली. डबा आणला आहे, चार कड्यांचा. वही शंभर पानी. वर लावायची चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत लिहून त्यावर प्लॅस्टिक चढवलं आहे. जागा दाखवायला म्हणून परवा आमच्या जुन्या शिपायाला बागेत घेऊन गेले. सव्वीस वर्षं त्यानं वाचकांनी टेबलावर ठेवलेली पुस्तकं जागेवर लावली आहेत. बकुळीच्या मुळाशी वाकून त्यानं जागा नीट पाहिली, डबा हातात घेऊन उलटसुलट केला, कड्या उघडून लावून बघितल्या आणि मग अगदी आपल्या कामाचा प्रश्न विचारला, "बाई, याला कुलूप कुठलं लावायचं?"